चांगुलपणाला वेळ लागतो

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे, पुढे धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1973 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण करायचं होतं. वाटेतल्या बोळात, एका दारापाशी, एक माणूस मान टाकून बसला होता, खोकत होता, कण्हत होता. तो प्रयोगाचाच भाग होता, पण हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. निघताना काहींना सांगितलं होतं की अजून अवकाश आहे, सावकाश जा. काहींना सांगितलं, आता निघा. उरलेल्यांना सांगितलं, उशीर झालाय, लोक खोळंबलेत, पळा. सावकाश निघालेल्यांपैकी 63 टक्के त्या माणसाच्या मदतीला धावले, मधल्या गटातले 45 टक्के, आणि घाईत असलेल्यांपैकी फक्त 10 टक्के.

त्यातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय होता येशूचा एक दृष्टांत. रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलून नेणाऱ्या, शोमरोन प्रांतातल्या एका प्रवाशाचा. डोक्यात तोच विषय घोळत असूनही त्यामुळे थांबण्या-न थांबण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

40 म्हणजे काही फार माणसं नव्हेत. तेव्हा टक्क्यांना कवटाळून बसू नये. पण त्या अहवालातलं एक निरीक्षण मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. न थांबता पुढे गेलेल्यांपैकी काही जण भाषणाच्या जागी पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. म्हणजे त्यांचं मन निबर नव्हतं. एकीकडे कण्हणारा माणूस, दुसरीकडे खोळंबलेले लोक, या दोहोंच्या कात्रीत ते सापडले होते, आणि पाय सवयीने पुढे चालत राहिले.

चारित्र्याबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा हेतूंबद्दल. हेतू चांगला तर माणूस चांगला. माझं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात हेतू क्वचितच अपुरा पडतो. अपुरा पडतो तो वेळ. खरं बोलायला, ऐकून घ्यायला, चूक कबूल करायला, मदतीला थांबायला खोटं बोलण्यापेक्षा, तोडून टाकण्यापेक्षा, सटकण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तो आधीच बाजूला काढून ठेवलेला नसेल, तर ऐन वेळी तो कुठूनही निर्माण होत नाही. म्हणून चांगलं वागायचं असेल तर पहिलं काम वेळापत्रकात करावं लागतं. दिवसातल्या दोन कामांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं मोकळी सोडणं ही साधी गोष्ट दिसते. पण कुणी दारात रडवेला चेहरा घेऊन उभा राहिला तर 'बस, काय झालं सांग' हे वाक्य त्या मोकळ्या मिनिटांतूनच निघतं.

घाईचा पहिला बळी म्हणजे दिलेला शब्द. शब्द मोडणारे लोक बहुधा लबाड नसतात. देतानाच त्यांनी तो उधळेपणाने दिलेला असतो. 'बघतो', 'करू या', 'होऊन जाईल', 'नक्की' ही उत्तरं देणाऱ्याच्या लेखी सौजन्य असतात आणि ऐकणाऱ्याच्या लेखी वचन. भांडण नेमकं या फटीत जन्माला येतं. नीट दिलेल्या शब्दात चार गोष्टी असाव्या लागतात: काय करणार, कधीपर्यंत करणार, त्यातलं मी स्वतः किती करणार, आणि अडलंच तर कधी कळवणार. चौथी गोष्ट जवळपास कुणीच सांगत नाही आणि सगळ्यात उपयोगी तीच असते.

मुदत ठरवताना काय चुकतं हे 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं की तो कधी पुरा होईल. सरासरी अंदाज निघाला सुमारे 34 दिवसांचा. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं. त्यावर उत्तर आलं सुमारे 49 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून जास्त लागले. वाईटात वाईट काय होईल याचा अंदाजसुद्धा तोकडा पडला. कारण अंदाज करताना आपण समोरच्या कामाची कल्पना करतो: आधी हे, मग ते, मग संपलं. त्या कल्पनेत कुणी आजारी पडत नाही, कुणाचा फोन येत नाही, मध्येच दुसरं तातडीचं काम उपटत नाही. उपाय एकच चांगला चालतो. 'हे काम किती दिवसांत व्हायला हवं' हा प्रश्न सोडून द्यावा आणि 'असंच काम मागच्या खेपेला किती दिवसांत झालं होतं' हे आठवावं. तो आकडा मनाला पटत नाही, जास्त वाटतो. तोच सांगावा.

होकार जागच्या जागी देऊ नये, हा दुसरा नियम. 'उद्या सकाळी सांगतो' एवढं म्हणून खरोखर उद्या सकाळी सांगावं. मधल्या रात्रीत पुढच्या आठवड्याची पानं उलटून पाहता येतात. समोरासमोर उभं असताना पुढचा आठवडा नेहमीच रिकामा दिसतो. नकार द्यायचा तर तो लवकर आणि एका कारणासह द्यावा. तीन कारणं दिली की समोरचा तिन्ही खोडत बसतो, आणि तिसरं खोडलं गेल्यावर आपण नाइलाजाने हो म्हणतो. असा होकार पुढे हमखास मोडतो.

उशीर होणार हे कळवायची योग्य वेळ म्हणजे मुदतीचा मध्य. दहा दिवसांचं काम असेल तर पाचव्या दिवशी स्वतःला विचारावं, निम्मं झालंय का? नसेल तर त्याच दिवशी कळवावं. पाचव्या दिवशी समोरच्याला दुसरी सोय करता येते. दहाव्या दिवशी त्याच्या हातात फक्त संताप उरतो. लोक उशीर विसरतात, पण अंधारात ठेवलेलं विसरत नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. माणसाच्या बाबतीत ही परीक्षा फसवी आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना खोटेपणाची, कॉपी करण्याची, वस्तू लांबवण्याची संधी मिळेल अशा वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं. वर्गात कॉपी न करणारं मूल खेळात गुण चोरत होतं; घरी खोटं बोलणारं मूल पैशाला हात लावत नव्हतं. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फारसा बांधता येत नव्हता. पुढे इतरांनी याच माहितीची फेरतपासणी केली, तेव्हा पुष्कळ प्रसंग एकत्र धरल्यावर प्रामाणिकपणाचा एक सामाईक धागा थोडाफार दिसला. तेव्हा चारित्र्य म्हणून काही नसतंच, असा याचा अर्थ नव्हे. माणूस सर्वांगाने प्रामाणिक किंवा सर्वांगाने लबाड नसतो, ठिकठिकाणी असतो, एवढंच.

हे ओळखलं की स्वतःकडे पाहायची पद्धत बदलते. 'मी प्रामाणिक आहे का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर सगळे हो असंच देतात. विचारायचं ते असं, की माझा पाय नेमका कुठे घसरतो? वरिष्ठांसमोर की हाताखालच्यांसमोर? पैशात की श्रेय घेण्यात? ओळखीच्यांशी की अनोळखी माणसाशी? सकाळी की संध्याकाळी थकल्यावर? बाहेर सगळ्यांशी गोड बोलणारी माणसं घरात पाऊल टाकताच तुसडेपणाने का बोलतात, याचं उत्तरही पुष्कळदा इथेच सापडतं. दिवसभराची शिल्लक बाहेर संपलेली असते आणि घरचे कुठे जाणार नाहीत अशी खात्री असते. त्यावर उंबरठ्याबाहेर थांबून पाच मिनिटं काहीही न करणं हा उपाय पोकळ संकल्पापेक्षा कितीतरी जास्त लागू पडतो.

संकल्पांचं असं असतं की ते मोघम असतात. 'यापुढे चिडणार नाही' यात कधी, कुठे, कशावर, यातलं काहीच नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने जर-तर या पद्धतीने केलेल्या निश्चयांचा पुष्कळ अभ्यास केला आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा असे निश्चय जास्त पार पडतात असं त्यात वारंवार आढळलं. 'कुणी माझं बोलणं मध्येच तोडलं, तर मी त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबेन.' जर हा भाग डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असा असावा. 'जर मला राग आला तर' असं म्हणून भागत नाही, कारण राग आलाय हे कळेपर्यंत तो बाहेर पडलेला असतो. आपला आवाज चढला, हात आवळले गेले, समोरच्याने अमुक विषय काढला, अशी खूण हवी. तर हा भाग दोन-तीन सेकंदांत करता येईल इतका छोटा असावा. आणि एका वेळी एकच निश्चय धरावा.

यात बेंजामिन फ्रँकलिनचं उदाहरण बोलकं आहे. तरुणपणी त्याने 13 सद्गुणांची यादी केली, एका छोट्या वहीत आठवड्याचे रकाने आखले आणि चूक झाली की त्या दिवसाच्या चौकोनात काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. दर आठवड्याला एकाच गुणावर भर, 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. यादीत आधी बाराच गुण होते. तू गर्विष्ठ वाटतोस, असं एका मित्राने तोंडावर सांगितल्यावर तेरावा आला, नम्रता. आपला दोष आपल्या यादीत कसा नसतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. म्हणून अशी यादी करणाऱ्याने ती एकदा तरी आपल्याला खरं सांगणाऱ्या माणसाला दाखवावी. फ्रँकलिनला सगळ्यात जड गेला तो नीटनेटकेपणा, आणि तो कधीच पुरता साधला नाही. ठिपके कमी झाले यावर त्याने समाधान मानलं. ते शहाणपणाचंच होतं.

सवय जडायला 21 दिवस लागतात, ही समजूत फार पसरली आहे. तिचा माग काढत गेलं तर 1960 सालापर्यंत पोचतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की रुग्णांना आपला बदललेला चेहरा सवयीचा व्हायला निदान 21 दिवस लागतात. त्यातला 'निदान' गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एकच छोटी कृती करायला लावून सवय कशी जडते ते मोजलं. मधला आकडा आला 66 दिवस. पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असं गणित निघालं. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. चौथ्या आठवड्यात 'माझ्याने होत नाही' म्हणून सोडणाऱ्याला हे आकडे कुणीतरी आधी सांगायला हवेत. खाडा झाला की दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी पुन्हा सुरू करायचं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पट करायला गेलं की ते ओझं होतं, आणि ओझं माणूस टाकून देतो.

रात्रीचा हिशेबही असाच थोडक्यात असावा. रोमन विचारवंत सेनेका दिवा मालवल्यावर, पत्नी गप्प झाली की, दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं तपासत असे. त्याने दिलेले दाखले अगदी बारीक आहेत: त्या वादात तू फार चढ्या आवाजात बोललास, त्या माणसाला तू गरजेपेक्षा जास्त मोकळेपणाने सुनावलंस, त्यामुळे तो सुधारला तर नाहीच, दुखावला मात्र गेला. आणि पुढे स्वतःलाच म्हणणं, या खेपेला माफ, पुन्हा असं करू नकोस. या तिन्ही गोष्टी लागतात: नेमका प्रसंग, त्याचा समोरच्यावर झालेला परिणाम, आणि माफी. तिसरी वगळली की हिशेबाची जागा स्वतःला बोल लावणं घेतं, झोप उडते, आणि आठवड्याभरात माणूस तपासणीच टाळू लागतो. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

दुसऱ्याची माफी मागताना मात्र क्रम वेगळा लागतो. रॉय लेविकी यांच्या 2016 सालच्या अभ्यासात माफीचे सहा घटक धरले होते: खेद, काय चुकलं याचा खुलासा, जबाबदारीची कबुली, पुन्हा होणार नाही अशी ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांना सगळ्यात मोलाची वाटली ती कबुली, त्याखालोखाल भरपाई. सगळ्यात कमी मोलाची वाटली क्षमेची विनंती. आपण मात्र बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण ती सर्वांत स्वस्त असते. 'तुला वाईट वाटलं असेल तर' या शब्दांनी सुरू होणारी माफी तर मागूच नये. वाईट वाटलंय हे समोर दिसत असताना 'असेल तर' म्हणणं म्हणजे त्या दुखण्यावरच शंका घेणं आहे.

आता संकटाबद्दल. संकटात माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. संकटात बाहेर येते ती आधीची सवय, आणि ती टिकवून धरते रोजची साधी शिस्त. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघालेल्या अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एंड्युरन्स' हे जहाज 1915 च्या जानेवारीत अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकलं. ऑक्टोबरअखेर ते सोडावं लागलं, नोव्हेंबरमध्ये ते बुडालं. 28 माणसं बर्फावर तंबू ठोकून राहिली. वजन कमी करायचं म्हणून प्रत्येकाला जेमतेम दोन पौंड खासगी सामान ठेवायची परवानगी होती. शॅकल्टनने स्वतःची सोन्याची सिगारेटची डबी आणि सोन्याची नाणी सगळ्यांदेखत बर्फावर टाकली. पण हवामानतज्ज्ञ हसी याचा बँजो मात्र सोबत घ्यायला लावला. मनाचं औषध म्हणून तो लागेल असं त्याचं म्हणणं होतं. झोपायच्या पिशव्या दोन प्रकारच्या होत्या, केसाळ कातड्याच्या उबदार आणि लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकल्या, आणि लोकरीच्या बहुतेक पिशव्या अधिकाऱ्यांच्याच वाट्याला आल्या. चिठ्ठ्यांमध्ये काहीतरी गडबड आहे हे खलाशांना कळलं होतं, आणि ती कुणाच्या फायद्याची आहे हेही. सतत कुरकुर करणारी, निराशा पसरवू शकतील अशी माणसं त्याने स्वतःच्या तंबूत घेतली.

पुढे 1916 च्या एप्रिलमध्ये शॅकल्टन पाच जणांसह एका छोट्या होडीतून सुमारे 800 सागरी मैलांवरच्या साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाला. मागे एलिफंट बेटावर 22 जण राहिले. दोन होड्या उलट्या घालून त्यांच्याखाली ते साडेचार महिन्यांच्या आसपास राहिले. मागे नेमलेला फ्रँक वाइल्ड समुद्र मोकळा दिसला की सकाळी सगळ्यांना अंथरूण गुंडाळायला सांगे, आज साहेब येतील म्हणून. 30 ऑगस्टला जहाज खरोखरच आलं, तोपर्यंत हे चाललं होतं. 22 पैकी 22 जिवंत निघाले.

त्या अंथरुणं गुंडाळण्यात मला आशेपेक्षा काम जास्त दिसतं. संकटात मनाला उद्याचा अंदाज बांधता येत नाही, पण हाताला आजचं काम देता येतं. आजार, नोकरी जाणं, नातं तुटणं, जवळचं माणूस जाणं, या सगळ्यांत पहिल्या दिवसांत ढासळतं ते वेळापत्रक: उठायची वेळ, अंघोळ, जेवण, झोप. त्यातल्या दोन वेळा तरी घट्ट धरून ठेवाव्यात, उठायची आणि जेवायची. परत फिरवता येणार नाहीत असे निर्णय शक्य तितके पुढे ढकलावेत: घर विकणं, राजीनामा, कायमचं तोडणं. एका कागदावर दोन रकाने आखावेत, आज आपल्याला पक्कं काय ठाऊक आहे आणि आपण काय धरून चाललोय. दुसरा रकाना जवळजवळ नेहमी लांब भरतो, आणि निम्मी भीती त्या रकान्यातून येत असते. मनात साचलेलं लिहून काढल्याचाही उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या जबर आघाताबद्दल लिहायला लावलं. घडलेलं आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जड झालं होतं. हे आधी ठाऊक असलं की पहिल्या दिवशीच वही मिटली जात नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच निघाला, तेव्हा यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. ताज्या, उघड्या जखमेवर तर सक्तीने लिहूच नये.

शॅकल्टनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र खोटं होईल. सुतार हॅरी मॅकनीश याने ती होडी मोठ्या सागरप्रवासासाठी उंच केली आणि वरून झाकून घेतली. त्याच्या कामाशिवाय कुणीही वाचलं नसतं. पण बर्फावर एकदा त्याने हुकूम मानायला नकार दिला होता. शॅकल्टन ते विसरला नाही, आणि परतल्यावर मॅकनीशला पोलर मेडल, म्हणजे ध्रुवीय मोहिमांतल्या कामगिरीचं पदक, मिळालं नाही. आपली उबदार पिशवी सोडणारा आणि हा, दोन्ही एकच माणूस.

दुसऱ्याच्या संकटात आपण काय करावं, यावर फार कमी बोललं जातं. 'काही लागलं तर सांग' हे मनापासून म्हटलेलं असतं, पण त्यात सगळं काम दुःखी माणसावर पडतं: काय लागतंय ते ओळखायचं, कुणाला मागायचं ते ठरवायचं, मागताना संकोच गिळायचा. त्यापेक्षा काम, दिवस आणि वेळ सांगून विचारावं. 'मंगळवारी चार वाजता मी येऊन मुलांना दोन तास बाहेर नेतो, चालेल?' याला हो किंवा नाही म्हणणं सोपं असतं. तिथे गेल्यावर आपल्यावर आलेला तसलाच प्रसंग सांगू नये, निदान पहिल्या भेटीत. 'यातून काहीतरी चांगलंच होईल' हेही म्हणू नये. हे वाक्य बोलणाऱ्याला हलकं करतं, ऐकणाऱ्याला एकटं पाडतं. फार वेळ बसू नये. वीस मिनिटं बसून परत येणं, दोन तास बसून पुन्हा न फिरकण्यापेक्षा बरं.

पहिल्या पंधरवड्यात माणसांची रीघ असते. मग ती ओसरते, आणि कागदपत्रं, थकलेली देणी, रिकामी खोली हे सगळं त्यानंतर समोर येतं. म्हणून पहिल्या भेटीहून परतल्यावर त्याच दिवशी कॅलेंडरवर पुढच्या तीन तारखा टाकून ठेवाव्यात: दीड महिन्यानंतरची, तीन महिन्यांनंतरची आणि वर्षाची. त्या दिवशी फोन करायचा. बोलायला सुचत नसेल तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन सुरुवात करावी. ते टाळायला हवं असं बहुतेकांना वाटतं, आणि घरच्यांना मात्र पुष्कळदा ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.